वासाच्या वस्तीतली पिवळी खोली

११ जानेवारी

ताई,

वर 'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं, मग तो कागद टाकून हा नवा घेतला. तेवढ्यावरूनच तू पत्र फाडलं असतंस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा खटाटोप.

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर दिसलं आणि त्यात मजकूर काय, तर "आईला डायलिसिस सांगितलंय. इथे सोय नाही. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात एक मार्चपासून नंबर लागलाय. आम्ही दोघी येतोय. खोली बघ. तळमजला. खिडकी. पाणी आत. तुझ्याकडे राहणार नाही." खाली सहीसुद्धा नाही. सावकाराची नोटीससुद्धा यापेक्षा गोड असते.

कार्ड मी जिन्यातच वाचलं आणि दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून राहिलो. आईची किडनी गेली हे मला पोस्टाने कळावं का गं? पण तुला तरी कशाला बोलू. माझाच फोन तुला नकोसा झालाय.

"तुझ्याकडे राहणार नाही" हे लिहायची गरज नव्हती. आमचा चौथा मजला जागच्या जागी आहे आणि लिफ्ट अजून झालेली नाही. "आईला माळ्यावर टाकलीस, जुन्या गादीसारखी," असं तू जिन्यात ओरडली होतीस, ते आमच्या शेजाऱ्यांना अजून तोंडपाठ आहे. मी आईला टाकली नव्हती. मला परवडणारी खोली चौथ्या मजल्यावर होती आणि आईचे गुडघे पहिल्या मजल्यावरच संपत होते. ती एकदा वर आली आणि थेट तुझ्याबरोबरच खाली उतरली, हे खरं. पण त्यावर उपाय काय होता, ते तुलाही सांगता आलं नव्हतं. असो. ते भांडण पुरेसं शिळं झालंय.

खोली बघतो. या शहरातल्या किती खोल्यांना मी रंग दिलाय याचा हिशेब नाही. त्यातली एक आईला मिळणार नाही, असं कसं होईल?

बारक्या

२३ जानेवारी

ताई,

"काय झालं?" हे तुझं दुसरं कार्ड. दोन शब्द. पहिल्यापेक्षाही काटकसर.

काय झालं ते ऐक. आमच्याकडे एक दलाल आहे. त्याला सगळे 'होईल' म्हणतात, कारण त्याला काहीही विचारा, तो होईल म्हणतो. त्याने मला तळमजला म्हणून दाखवला तो निघाला तळघर. भिंतीला हात लावला तर पोपडा हातात आला आणि मागून ओल. दुसऱ्या ठिकाणी खिडकी होती, पण ती उघडत होती शेजाऱ्यांच्या न्हाणीत. मी उघडली तर आतून एक बाई किंचाळली. होईल म्हणाला, "पडदा लावला की होईल."

तिसरी खोली खरंच बरी होती. मालकाने विचारलं, "राहणार कोण?" मी म्हटलं, आई आणि मोठी बहीण. "आई धडधाकट आहेत ना?" इथे खोटं बोलायला हवं होतं. मला ऐनवेळी सुचलं नाही, खरं तेच बोललो. त्यांनी दार नाही लावलं, पण नंतरचं सगळं बोलणं उंबऱ्यातच झालं. परत फिरताना होईलने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

म्हणून आता दलाल सोडला आणि स्वतःच्या धंद्याचं डोकं चालवलं. आम्हा रंगाऱ्यांना वस्तीचं भाडं भिंतीवरून कळतं. मालक म्हणाला, "कुठलाही मार, स्वस्तातला मार," की समजावं, इथे आपल्यासारख्याला थारा आहे. ज्या दिवशी तो म्हणतो, "पांढरा द्या, फोटोत छान येतो," त्या दिवशी जुन्या भाडेकरूंचे दिवस भरले. असे किती पांढरे रंग माझ्या हातून गेलेत. माझ्याबरोबर काम करणारा आहे ना, ज्याला आम्ही पुट्टी म्हणतो कारण तो ब्रशला हात लावत नाही, फक्त भिंतीच्या भेगांत लांबी भरतो, तो म्हणतो, "आपण रंगारी कसले, आपण जप्तीवाले. फक्त आपल्याला चहा मिळतो."

तर सुट्टीच्या दिवशी मी कुठलीही बस पकडतो, शेवटच्या थांब्यापर्यंत जातो आणि जिथे रंग उडालेला दिसेल तिथे उतरतो. लोक देवळं बघत हिंडतात, मी पोपडे बघत हिंडतोय. तुझी भावजय म्हणते, डोकं फिरलंय. पण काल डबा बांधून दिला तिने.

बारक्या

२ फेब्रुवारी

ताई,

खोली मिळाली!

आधी वस्तीचं सांगतो. तिला सगळे वासाची वस्ती म्हणतात. तिथे साबणाचा कारखाना होता. साबण म्हटल्यावर तुला सुवास आठवेल, पण तो बनवायला चरबी उकळतात आणि तो वास असा असायचा की बसमधले लोक दोन थांबे आधीपासून नाकाला रुमाल लावत. कारखाना बंद पडून वर्षं झाली. वास कधीच गेला, नाव तेवढं राहिलं. अजूनही कुणाला तिथली खोली सांगितली तर तो नाक मुरडतो.

मी उतरलो आणि चक्क दीर्घ श्वास घेतला. काही नाही. एका बाजूला सायकल दुरुस्तीचं दुकान, पुढे बैठ्या खोल्यांची रांग, प्रत्येक दाराला एकच पायरी. एकाही भिंतीला रंग नाही. दाराशी एक म्हातारबाबा खुर्ची टाकून बसले होते. ते दिवसभर तिथेच असतात. मी विचारलं, "बाबा, इथे वास यायचा ना?" ते म्हणाले, "यायचा काय, येतो! बाहेर तसंच सांगत जा." आणि हसायला लागले.

मग कळलं, ही त्या गल्लीची रीत आहे. बाहेरच्या माणसासमोर सगळे नाक चोळतात. कुणी दर्शनी भिंतीला रंग देत नाही. पोरांची लग्नं ठरली तरी देत नाहीत. गल्ली जितकी भिकार दिसेल तितकं भाडं जागेवर, असं त्यांचं साधं गणित. मला इतका आनंद झाला की मी बसमध्ये परत चढताना मुद्दाम रुमाल काढून नाकाला लावला. कंडक्टर म्हणाला, "अजून येतो का हो?" मी म्हटलं, "विचारू नका."

खोली एका मालकीणबाईंची आहे. रांगेत वर चढवलेली एकच खोली आहे, तिथे त्या एकट्या राहतात, कंबर धरलेली, कठड्याला धरून एकेक पायरी उतरतात. मी आईच्या आजाराचं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजारी माणसाला खोली नाही द्यायची तर काय पैलवानाला द्यायची?" नळ आत आहे. खिडकी उगवतीला आहे आणि समोर एक झाड. आई खाटेवर बसल्या बसल्या बाहेर बघू शकेल. तुझं शिवणाचं मशीन दाराजवळ बसेल, मी हाताने मोजून आलो. हॉस्पिटलला सरळ एक बस. विसार दिला, त्यांनी घेतला, एक तारखेला किल्ली. कागद नको म्हणाल्या, शब्द पुरे. त्यांचा चेहरा बघून मीही पुरे म्हटलं.

आता एक काम कर. आईला विचार, आपल्या जुन्या घरात चुलीच्या खोलीला कुठला रंग होता. का ते विचारू नकोस.

बारक्या

१२ फेब्रुवारी

ताई,

"पिवळा. उगाच नसते धंदे करू नकोस." हे कार्ड मी खिशात घेऊन फिरतोय. पिवळा तर पिवळा!

नसते धंदे तर केलेच आहेत. आता गुपित ठेवण्यात अर्थ नाही. खोलीच्या भिंती अगदी वाईट होत्या. खाट लावली की आईच्या तोंडासमोर काळ्या ओलीचा डाग येणार, दिवसभर तोच बघत बसणार. मी म्हटलं, आईसाठी मी आयुष्यात काय केलं? लोकांच्या दिवाणखान्यांना रंग दिला. मालकीणबाईंना विचारलं, स्वखर्चाने करतो, चालेल का. त्या म्हणाल्या, "कर बाबा, पण आतून हो." मीही तेच ठरवलं होतं. गल्लीची रीत मला ठाऊक आहे. बाहेरच्या भिंतीला मी बोटसुद्धा लावलं नाही.

पुट्टीने फुकट लांबी भरली. एवढी गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल. वर प्रायमर, मग पिवळ्याचे दोन हात. हळदीसारखा भडक नाही, ताई. चुलीच्या खोलीत बरण्यांवर दुपारचं ऊन पडायचं तेव्हा भिंत दिसायची, तसा. तो काही डब्यात मिळत नाही. मीच थेंब थेंब घालून कालवला, पुठ्ठ्यावर लावून वाळवून बघितला, पुन्हा कालवला. एवढं मन लावून मी कुठल्या शेठच्या बंगल्यात काम केलं नव्हतं. खिडकीच्या चौकटीला पांढरा ऑइलपेंट. काल सकाळी पहिलं ऊन आत आलं आणि पुट्टी, जो कधी चांगलं म्हणत नाही, तो म्हणाला, "इथे मीच राहतो, तुझी आई माझ्या घरी पाठव."

रंगाचा उग्र वास आईला सोसणार नाही म्हणून दार-खिडकी सताड उघडी ठेवलीय. येणारा जाणारा डोकावतो. सायकलवाला बायकोला घेऊन बघायला आला. खुर्चीवाले बाबाही उठून आले. त्यांनी आत बघितलं आणि म्हणाले, "फार छान केलंस रे." पण म्हणताना ते गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. म्हातारी माणसं, त्यांचं काही मनावर घ्यायचं नाही.

आईला रंगाचं सांगू नकोस. आल्यावर बघू दे.

बारक्या

१९ फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहितोय. एक विचारायचं होतं. हॉस्पिटलचा नंबर महिनाभर पुढे ढकलता येईल का? इथे तारखा मिळतात असं कुणीतरी म्हणत होतं. आणि तळमजलाच हवा का? म्हणजे अगदी पहिला मजला असला, जिना रुंद असला, तर? आईचे गुडघे आता कसे आहेत? काठीने दहा-बारा पायऱ्या होतात का?

सहज विचारतोय. बाकी सगळं ठीक.

बारक्या

२२ फेब्रुवारी

ताई,

तू ओळखलंस. "खोली गेली ना?" एवढंच लिहिलंस, आणि पहिल्यांदाच खाली 'ताई' लिहिलंस. ते बघून मला जास्तच रडू आलं.

गेली. मालकीणबाईंचा जावई सुट्टीच्या दिवशी त्यांना औषधं द्यायला येतो. एरवी तो नाक दाबून जो जिना चढतो तो नाक दाबूनच उतरतो, खालच्या खोलीकडे कधी ढुंकून बघत नाही. त्या दिवशी त्याला गल्लीत शिरताच ताज्या रंगाचा वास आला. वासामागे आला, दारात उभा राहिला आणि फोन काढून त्याने फोटो घेतले. दुसऱ्या दिवशी एक नवं जोडपं येऊन बघून गेलं. मी जेवढं भाडं ठरवलं होतं त्याच्या दुप्पट द्यायला ते आनंदाने तयार झाले. त्यांना ते स्वस्त वाटलं.

मालकीणबाईंनी मला बोलावून घेतलं. स्वतः खाली आल्या, कठडा धरून. विसार परत दिला, रंगाचे पैसे दिले आणि माझी मजुरीसुद्धा दिली. म्हणाल्या, "माझं औषधपाणी जावई बघतो. त्याच्यासमोर माझं चालत नाही. मी त्याला म्हटलं, शब्द दिलाय. तो म्हणाला, शब्दाने छप्पर गळायचं थांबतं का?" मग म्हणाल्या, "तू रंग दिला नसतास तर त्याचं लक्षसुद्धा गेलं नसतं रे."

मी भांडायला हवं होतं. तुझ्यासारखं गल्ली गोळा करून ओरडायला हवं होतं. मी "बरं" म्हणालो. ताई, मी नुसतं बरं म्हणालो आणि पैसे खिशात घातले.  कागद केला नव्हता, त्यामुळे बोलायला जागाही नव्हती. पण असता तरी मी काय कोर्टात जाणार होतो?

एवढ्यावर भागलं नाही. शेजारच्या मालकाने मला हाक मारली. "आमचीही अशीच करून दे. पिवळा नको, पांढरा दे. फोटोत चांगला येतो म्हणतात." त्याच्या खोलीत एक शिलाईवाली राहते, तिची दोन पोरं आहेत. ती मागे उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, वेळ नाही. तो दुसरा रंगारी आणील, त्याला काय तोटा. खुर्चीवाले बाबा मला बघून दुसरीकडे तोंड करतील असं वाटलं होतं. तसं त्यांनी केलं नाही. जवळ बोलावलं आणि म्हणाले, "एखादा गाढव रंगारी असतास तर बरं झालं असतं."

अख्ख्या गल्लीने इतकी वर्षं नाक चोळून जे जपलं, ते मी दोन हातांत घालवलं. आणि रंगावरून भाडं ओळखणारा शहाणा मीच. दुसऱ्याच्या भिंतीचं कळलं, आईची भिंत आली तेव्हा डोळ्यांवर पडदा आला.

बारक्या

२७ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तुला निघायच्या आधी मिळावं म्हणून पुट्टीला स्टेशनच्या पोस्टात पाठवतोय.

हॉस्पिटलात जाऊन आलो. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, नंबर सोडला तर नवा कधी लागेल सांगता येत नाही. तेव्हा एक तारीख पक्की. तिच्या आत तळमजला मिळत नाही. मी सगळ्या बसच्या सगळ्या शेवटच्या थांब्यांवर जाऊन आलो. एका ठिकाणी आजारी म्हणून नाही, एका ठिकाणी दोघी बायका म्हणून नाही, एके ठिकाणी मालक हो म्हणाला पण पाणी दोन गल्ल्या सोडून. काल होईलकडे पुन्हा गेलो. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "नाही होणार रे." त्याच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा मला खरं कळलं.

तुम्ही माझ्याकडे या. तू नको म्हणाली होतीस, मला पाठ आहे. पण दुसरं काही माझ्या हातात नाही. असतं तर मी तुला हे लिहिलं नसतं. आठवड्यातून तीनदा चार मजले उतरायचे आणि सुया टोचून गळलेल्या आईला घेऊन पुन्हा चार मजले चढायचे, हे मला दिसतंय. डोळे मिटले तरी दिसतं.

पुट्टीने आणि मी हात असलेल्या एका खुर्चीला शिडीचे दोर बांधलेत. खुर्चीत लांबीची पोती ठेवून चढून बघितलं. जिन्यात सगळे हसले, आम्हीही हसलो. तिसऱ्या मजल्यावर पुट्टीला दम लागला, त्याने खुर्ची खाली टेकवली आणि म्हणाला, "आई यापेक्षा हलकी असेल ना?" मी हो म्हणालो. किती हलकी झालीय ते तू लिहिलं नाहीस. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलंय, मधे टेकायला आमच्या दारात स्टूल ठेवू. तुझ्या भावजयीने खिडकीखालची जागा रिकामी केलीय. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, ते तुला माहीत आहे. तुझ्या मशीनला जागा नाही. माझ्याशी तू बोलली नाहीस तरी चालेल, मी कामावरून उशिरा येत जाईन.

अजून एक सांगायचं आहे. सांगू की नको असं चार वेळा झालं.

परवा जावयाचा फोन आला. नव्या भाडेकरूंना पिवळा नको, सगळी खोली पांढरी करायची. मी नाही म्हणणार होतो. मग वाटलं, दुसरा कुणी येऊन त्यावर कसातरी फासेल, त्यापेक्षा मीच जातो. गेलो. नवी भाडेकरीण मुलगी चांगली आहे, माझ्यासाठी खुर्ची पुसून दिली. मी खिडकीशेजारची भिंत घासायला घेतली तेव्हा तिने विचारलं, "काका, इथे आधी कोण राहायचं?"

मी म्हणालो, "माझी आई."

का म्हणालो ते माहीत नाही, ताई. पण म्हटल्यावर बरं वाटलं. ती म्हणाली, "अय्या, म्हणून एवढा सुंदर पिवळा! त्या कुठे बसायच्या?" मी खिडकीखालची जागा दाखवली. सांगितलं, इथे खाट होती, सकाळी ऊन यायचं, ती त्या झाडाकडे बघत बसायची. बहीण दाराजवळ शिवत बसायची. मशीनचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. बोलत बोलत मी पहिला हात दिला. खालचा पिवळा दिसत राहिला, पांढऱ्याचे दोन हात जास्त लागले.

"मग आता कुठे असतात त्या?"

"चौथ्या मजल्यावर."

"अगंबाई," ती म्हणाली, "एवढी छान खोली सोडून का गेल्या?"

बाहेर खुर्चीवाले बाबा बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. मी नाकाला हात लावला आणि म्हणालो, "इथे वास येतो ना, म्हणून."

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढून हवा हुंगली. म्हणाली, "मला तर काहीच येत नाही."

एक तारखेला स्टँडवर खुर्ची घेऊन उभा राहतो. आईने रंगाचं विचारलं, तर पिवळा दिला होता म्हणून सांग.

बारक्या